उन्हाळ्याचा शुभारंभ, पावसाच्या हस्ते

कळव्यात कुणाच्याही घरामागे अंगण नाही. घरामागे दुसऱ्याचं घर असतं, त्याच्यामागे तिसऱ्याचं, आणि सगळ्यात शेवटी पारसिकचा डोंगर. तरीही ‘मागील अंगणात उन्हाळा शुभारंभ सोहळा’ अशी सूचना आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लागली तेव्हा एकानेही हरकत घेतली नाही. पंपरूम, सेप्टिक टँकची झाकणं आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या पट्ट्याला यापुढे अंगण म्हणावं, असा ठराव कमिटीने आधीच मंजूर करून ठेवला होता. एरवी त्या अंगणात बेवारस सायकली आणि एका माजी सभासदाचा गंजका कूलर नांदतो.

सोहळ्याची मूळ तारीख १ मे. पण महाराष्ट्र दिनाला निम्मा महाराष्ट्र गावी गेलेला असतो, त्यामुळे कोरम भरेना. पुढच्या रविवारी चेअरमनसाहेबांच्या मेहुण्याचं लग्न निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी बाकी सगळ्यांच्या मेहुण्यांची लग्नं होती, म्हणून केटरर मिळेना. मग मंडपवाल्याने एक रविवार खाल्ला. सरकत सरकत तारीख येऊन थांबली २५ मे २०२५ वर. उन्हाळ्याचा शुभारंभ मे महिना मावळताना करायचा यात कुणालाही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे टाकी धुण्यापासून वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा शुभारंभ मुदत संपतानाच होतो.

त्या मे महिन्याची लक्षणं मुळातच ठीक नव्हती. पहिल्या आठवड्यापासूनच संध्याकाळी विजा, वारा आणि सरी सुरू होत्या. २४ तारखेला मान्सून केरळात येऊन ठेपला. त्याची नेहमीची तारीख १ जून. इतका लवकर तो त्याआधी आला होता २००९ मध्ये. हवामान खात्याने कोकणपट्टीला मुसळधार पावसाचा इशारा दिला आणि कुणीतरी तो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. ‘वेधशाळा पाऊस म्हणतेय? मग गॉगल काढा.’ त्याखाली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे पिवळे चेहरे, अगदी पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांचासुद्धा.

हवामान खातं स्थापन झालं १८७५ साली. २०२५ च्या जानेवारीत त्याची दीडशे वर्षं साजरी झाली. या काळात त्यांच्याकडे उपग्रह आले, डॉप्लर रडार आलं. वीज कुठे पडेल याची आगाऊ कल्पना देणारं ‘दामिनी’ नावाचं अ‍ॅपसुद्धा पुण्याच्या संस्थेने केलं. आपल्याकडे काय आलं? तोच विनोद. वेधशाळेने सांगितलं की उलटं होतं, हा आपला पिढीजात विनोद आहे, आणि सातबाऱ्यासारखा तो आपण वारसाहक्काने पुढे देतो. अंदाज बरोबर येण्याचं प्रमाण वाढलं म्हणून हातातला चांगला विनोद कोण सोडून देईल?

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना ना अ‍ॅप माहीत, ना रडार. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि जिन्यातच सेक्रेटरींना गाठलं. “अरे, पंचवीसला रोहिणी लागतेय. वाहन काय आहे ते बघ आणि मांडवाला ताडपत्री घाल.” वेधशाळा आणि पंचांग यांचं एकमत ही गोष्ट या देशात दुर्मीळ. ती घडली आणि विरोधात एकटी आमची कमिटी उरली. आजींचं म्हणणं ‘ज्येष्ठ नागरिकांच्या मौलिक सूचना’ या सदरात नोंदवण्यात आलं. त्या सदरात गेलेली सूचना पुन्हा दिसत नाही. ताडपत्रीचे पैसे वेगळे पडत होते आणि खजिनदारांचा युक्तिवाद बिनतोड होता : “उन्हासाठी कापडच बरं. हवा खेळती राहते.”

आता मुख्य आकर्षण. तरुण मंडळींनी हट्ट धरला होता रेन डान्सचा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भोकं पाडलेले पाइप उंचावर बांधायचे, मोटर लावून त्यांतून पाणी सोडायचं, खाली मोठ्याने गाणी लावायची आणि पाऊस पडतोय असं समजून नाचायचं. एरवी यासाठी लोक कर्जतच्या रिसॉर्टला जाऊन माणशी पैसे मोजतात. आमच्याकडे त्यासाठी टँकर सांगितला, कारण सोसायटीच्या नळाला पाणी बेताचंच. पाइप बांधायला आधार हवा होता तो पंपरूमच्या दाराचा मिळाला. त्या दारावर लाल अक्षरांत लिहिलंय, ‘पाणी म्हणजे जीवन. गाडी धुताना आढळल्यास दंड.’ डेकोरेटरच्या पोराने पहिली तार ‘जीवन’च्या वेलांटीवरून ओढली आणि ‘दंड’वर गाठ मारली.

रविवारी संध्याकाळी सगळी तयारी झाली. गच्चीवर वाळवणाची स्पर्धा मांडली होती. कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस, नाचणीचे पापड, आणि प्रत्येक ताटाला फ्लॅट नंबरची चिठ्ठी. खाली कापडी मांडवात आमरसाचं पातेलं बर्फाच्या टबात बसवलेलं. केटरर ऐरोलीहून यायचा होता. आभाळ पाहून त्याने तासभर आधीच गाडी काढली. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालचं पाणी ज्याने एकदा पाहिलंय, तो पंचांग बघत नाही.

चेअरमनसाहेब माइकसमोर उभे राहिले. भाषण छापून आणलेलं. “वाढत्या उष्म्याच्या पार्श्वभूमीवर आज आपण सारे...” इथपर्यंत ते आले आणि पाठीमागचा पारसिकचा डोंगर नाहीसा झाला. कळव्यात राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. डोंगर गेला की हातातलं काम टाकून दोरीवरचे कपडे काढायचे असतात. बायकांच्या अर्ध्या खुर्च्या तत्क्षणी रिकाम्या झाल्या. साहेबांना तो निषेध वाटला आणि त्यांनी आवाज चढवला. वारा मांडवात शिरला, ते खेळत्या हवेचं कापड पोट धरून वर उठलं. साहेब वाचतच होते. उष्माघातापासून काळजी कशी घ्यावी, भरपूर पाणी कसं प्यावं, दुपारी बाहेर पडताना डोक्याला रुमाल का बांधावा. या तिसऱ्या मुद्द्याला त्यांनी स्वतःच खिशातला रुमाल काढून डोक्याला बांधला. टाळ्या तेवढ्या एकाच वाक्याला पडल्या. मग वीज चमकली, आणि लगेच वीज गेली.

पुढचा प्रसंग मी जवळून पाहिला. मुलं टॉवेल, जादा कपडे, प्लास्टिकच्या चपला अशा जामानिम्यानिशी रेन डान्सला सज्ज होऊन उभी होती. पाऊस आल्याबरोबर ती त्यात घुसली. आणि ज्या आयांनी तासाभरापूर्वी स्वतःच्या हातांनी त्यांना भिजण्यासाठी नटवलं होतं, त्यांनीच जिन्यातून एका सुरात ओरडायला सुरुवात केली. “आत ये आधी! भिजू नकोस, सर्दी होईल!” सात वर्षांच्या एका चिरंजीवांनी रास्त शंका काढली, “मग तो पाऊस चालू झाला की येऊ का?” बोट अर्थातच पाइपांकडे. त्याला चापट मिळाली. आमच्याकडे मुलांच्या तर्कशुद्ध प्रश्नांना हेच उत्तर असतं.

डेकोरेटरचा माणूस पावसात ओलाचिंब होऊन खजिनदारांपुढे आला. “साहेब, सुरू करू का?” खजिनदारांनी वर आभाळाकडे पाहिलं, खाली हिशेबाच्या वहीकडे पाहिलं. “पैसे दिलेत ना? मग कर सुरू.” पण मोटरला वीज नव्हती. मग टँकरवाल्याशी बोलणी झाली, की पाणी न वापरता परत ने आणि पैसे कमी कर. तो म्हणाला, “साहेब, आज हे पाणी घेतं कोण?” सोसायटीची टाकी तर सकाळीच भरून घेतली होती. शेवटी त्याने गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह उघडला. घोटाभर पाणी साचलेल्या रस्त्यावर, धो धो पावसात, विकत घेतलेला पाऊस वाहून गेला. खजिनदार छत्री धरून तो शेवटच्या थेंबापर्यंत पाहत होते. पैसे दिले होते ना.

गच्चीवरच्या वाळवणाचं काय झालं ते लिहीत नाही. परीक्षकांनी सर्व स्पर्धकांना समान गुण दिले, एवढंच.

जेवण मात्र झालं, आणि झकास झालं. कुणी ठराव मांडला नाही, कुणी अनुमोदन दिलं नाही. वॉचमन आणि दोन कॉलेजची पोरं पातेली उचलून जिन्यात आली आणि तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत पायरीपायरीवर पंगत बसली. मोबाइलच्या उजेडात आमरस-पुरी. पुऱ्या मऊ पडल्या होत्या, पण आमरसात बुडवल्यावर कुठली पुरी टम्म राहते? सगळ्यात वरच्या मजल्यावरचे सभासद तेवढे वाटी हातात घेऊन सेक्रेटरींच्या पायरीवर आले आणि बेडरूमचं छत गळतंय अशी तोंडी तक्रार त्यांनी नोंदवली. सेक्रेटरी पुरी चावत म्हणाले, “गच्चीचं वॉटरप्रूफिंग आपण पावसाआधी करणारच आहोत, काका.” नालेसफाईपासून फांद्या छाटण्यापर्यंत मान्सूनपूर्व कामं ३१ मेपर्यंत उरकायची हा इकडचा शिरस्ताच आहे. मान्सूनने पूर्वसूचना न देता येऊ नये, अशी अपेक्षा त्यात गृहीत असते. त्याने ती दिली होती हा भाग वेगळा.

त्याच रविवारी मान्सून महाराष्ट्रात दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. सोमवारी, २६ मेला, तो मुंबईत पोचला. त्याची मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. आधीचा विक्रम २९ मेचा, १९५६ सालचा. कुलाब्याला त्या मे महिन्यात तोवरच २९५ मिलिमीटर पाऊस झाला आणि १९१८ चा २७९.४ मिलिमीटरचा उच्चांक मोडला. वरळीला नुकतंच सुरू झालेलं भुयारी मेट्रोचं स्थानक पाण्याखाली गेलं. स्थानकाचं नाव आचार्य अत्रे चौक! गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही, हे सांगायला नेमके तेच हयात नाहीत.

आमच्या सोसायटीत सोमवारी रात्री चौकशी बसली. मांडव कापडी का, याची नाही. तारीख चार वेळा का बदलली, याचीही नाही. चौकशीचा विषय होता वेधशाळा. “यांना नीट सांगता येत नाही?” हेडमास्तर म्हणाले. “सांगितलं होतं की,” मी ग्रुपवरचा इशारा वर काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि मोबाइल परत दिला. “सांगितलं होतं, पण असं सांगितलं नव्हतं.” यावर कमिटीचं एकमत झालं. वेधशाळा चुकली असती तर आम्ही दोन विनोद करून तिला माफ केलं असतं. तिने बरोबर ठरून अख्ख्या सोसायटीला तोंडघशी पाडलं. हा उद्धटपणा झाला.

पुढची गंमत अशी, की मेअखेरीस मान्सून थबकला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकेना. जूनच्या पहिल्या आठवड्यात पंख्याखालीही घाम फुटू लागला, तेव्हा तरुण मंडळींनी फेरप्रस्ताव आणला : खरा उन्हाळा आता आलाय, शुभारंभ पुन्हा करू. खजिनदारांनी तो फेटाळला. वर्गणी परत मागणाऱ्यांनाही त्यांनी वाटेला लावलं, आणि त्यासाठी हिशेबाच्या वहीचं ते पान उघडून दाखवलं. टँकर, पूर्ण रक्कम अदा. मांडव, पूर्ण रक्कम अदा. त्याखाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात : ‘रेन डान्स – ठरल्याप्रमाणे संपन्न. पाणी अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले.’