सन्माननीय सदस्य म्यूटवर आहेत

महाराष्ट्रात सत्तेत जायला माणूस मिळत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकणारा आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहील. पण मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या अभिरूप विधानसभेत अगदी हेच घडलं. विरोधी पक्षनेता व्हायला ढीगभर माणसं पुढे आली. मुख्यमंत्री व्हायला कुणी तयार होईना. विरोधकाला ओरडायला मिळतं, सभात्याग करून मधेच जेवून यायला मिळतं. मुख्यमंत्र्याला सगळ्यांचं ऐकून शेवटी उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायचं तर विधेयक आधी वाचावं लागतं. अखेर ए-१०१ मधल्या काकूंनी सरकार स्थापन केलं, तेही स्वयंपाकाच्या वेळी बैठक ठेवायची नाही या अटीवर.

ही विधानसभा भरते मोबाईलवर. कल्पना बी-६०४ मधल्या मुलीची. ती कॉलेजच्या युवा संसदेत मंत्री होऊन आली होती आणि घरी आल्यावरही तिचं मंत्रिपद उतरेना. युवा संसद तशी जुनी गोष्ट. केंद्राच्या संसदीय कार्य मंत्रालयानं ती १९६६ मध्ये दिल्लीतल्या शाळांतून सुरू केली. २६ नोव्हेंबर २०१९ ला, संविधान दिनी, तिचं पोर्टल आलं. त्यात शाळकरी मुलांची किशोर सभा, कॉलेजवाल्यांची तरुण सभा. २०२४ पासून नागरिकांच्या गटांनाही त्यात वाव मिळाला. गट आमच्याकडे होताच, व्हॉट्सॲपवरचा. तिथं रोज विधेयकं येत होती, फक्त त्यांना 'कृपया सर्वांनी नोंद घ्यावी' असं म्हणत.

अध्यक्षपद माझ्याकडे आलं ते निवृत्तीमुळे. आमच्याकडे डावे-उजवे नाहीत. फर्स्ट, सेकंड आणि नाईट आहेत. चाकण-भोसरीच्या कंपन्यांत पाळ्या करणाऱ्या माणसांच्या वस्तीत पक्ष घड्याळानं ठरतात. ज्याची पाळीच संपली तो आपोआप पक्षातीत. त्यात सुट्ट्यांचा घोळ. एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्यांची सुट्टी गुरुवारी, आयटीवाल्यांची शनिवार-रविवारी. अधिवेशन कोणत्या वारी घ्यायचं यावरच पहिलं अधिवेशन संपलं. दुसऱ्यात डी विंगच्या सदस्यांनी १९५३ च्या नागपूर कराराचा दाखला देऊन, वर्षातलं एक अधिवेशन आमच्या गच्चीवर झालंच पाहिजे, अशी मागणी केली. ऑनलाइन सभेला गच्ची कशाला, असं विचारणाऱ्याला 'हुरडा' एवढंच उत्तर मिळालं आणि हिवाळी अधिवेशन एकमतानं मंजूर झालं.

गणपूर्तीचा प्रश्न मात्र आला नाही. घटनेच्या १८९ व्या अनुच्छेदाप्रमाणे गणपूर्तीला दहा किंवा सदस्यसंख्येचा दहावा हिस्सा यांपैकी जे जास्त असेल ते लागतं. म्हणजे २८८ च्या विधानसभेत २९. आपल्या गृहनिर्माण संस्थांनी यावर आधीच तोड काढून ठेवली आहे. वार्षिक सभेच्या नोटिशीतच छापलेलं असतं की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी होईल आणि तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. त्यामुळे खऱ्या सभेला माणसं अर्धा तास उशिरा येतात किंवा येतच नाहीत. या खोट्या सभेला मात्र कंपनीच्या बसमधून, कानात हेडफोन घालून माणसं हजर. जिथं मेंटेनन्स वाढणार असतो तिथं फिरकायचं नाही आणि जिथं काहीच होणार नसतं तिथं जीव तोडून भांडायचं, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं.

ते सुटलं सी-४०२ च्या विधेयकामुळे. हा मुलगा चाकणला नाईट करतो. सकाळी आंघोळ करून आडवा होतो आणि तेव्हाच मोशी जागी होते. वरच्या मजल्यावर इंटिरिअरवाल्याचं ड्रिल सुरू होतं, खाली टेम्पोवरचं भंगारवाल्याचं रेकॉर्डिंग, शेजारी मिक्सर. त्यानं 'रात्रपाळी कामगार (दिवसा झोप संरक्षण) विधेयक' पुरःस्थापित केलं. पहिलं वाचन म्हणजे नुसतं मांडणं. खरी करमणूक दुसऱ्या वाचनात असते, कारण तेव्हा विधेयक खंडशः, म्हणजे एकेक कलम सुटं करून विचारात घेतलं जातं.

पहिला खंड नावाचा आणि प्रारंभाचा. तो सहज सुटेल असं वाटलं, तर ज्यांच्या घराचं इंटिरिअर अर्धवट होतं त्यांनी कायदा 'तात्काळ' ऐवजी 'दिवाळीनंतर' अमलात यावा अशी सुधारणा आणली. दुसरा खंड व्याख्यांचा. आयटीतल्या एका सदस्यानं झोपेच्या व्याख्येत डुलकी येते का, असं विचारलं; तो मीटिंगमधल्या डुलकीला कायदेशीर संरक्षण शोधत होता. भंगारवाल्यावर हरकतीचा मुद्दा आला, की रस्ता सोसायटीच्या हद्दीबाहेर असल्यानं हा विषय आपल्या सूचीतच नाही. मग आवाजाच्या व्याख्येत 'हरिपाठ वगळून' हे शब्द घालण्याची सुधारणा आली. इंद्रायणीकाठी, आळंदीच्या शेजारात बसून या सुधारणेला 'नाही' म्हणायची छाती कुणाची? सी-४०२ एवढंच म्हणाला, की माझी हरिपाठाबद्दल काही तक्रार नाही, हरिपाठ सुटल्यावर जिन्यात जे प्रवचन चालतं त्याबद्दल आहे. यावर महिला सदस्यांनी असा गदारोळ केला की मला अध्यक्षांचं ते अमोघ वाक्य वापरावं लागलं: "मी तपासून घेईन आणि आवश्यक वाटल्यास कामकाजातून काढून टाकीन." या वाक्यानं दोन्ही बाजू एकाच वेळी समाधानी होतात. असं दुसरं वाक्य मला ठाऊक नाही.

तिसऱ्या खंडात शांततेची वेळ होती, सकाळी दहा ते दुपारी तीन. फर्स्ट शिफ्टवाले साडेतीनला घरी पोचतात. त्यांनी ती सहापर्यंत वाढवून मागितली. तेव्हा प्रेक्षक गॅलरीतून, म्हणजे कुणाच्या तरी मांडीवरून, आवाज आला, "मग आम्ही खेळायचं कधी?" प्रेक्षकांना बोलायची परवानगी नसते, असं मी नियमानुसार सांगितलं; पण त्या दिवसातला सगळ्यात मुद्देसूद प्रश्न तोच होता. चौथा खंड शिक्षेचा: दोषी इसमानं एक रात्र सी-४०२ बरोबर जागावं. हा बिनविरोध संमत झाला, कारण आपण दोषी ठरू असं कुणालाच वाटत नव्हतं.

मग मतदान. विधानसभेत अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. आणि कानाला जे मोठं वाटेल ते बहुमत. सभागृहात हे जमतं. मोबाईलवर अर्धे 'होय' म्यूटवर असतात आणि उरलेल्यांतले काही नेटवर्कमधून वाट काढत 'नाही'च्या वेळी येऊन पोचतात. एका 'होय'बरोबर कुकरची शिट्टीही आली. ती कोणत्या बाजूची धरायची यावर विरोधकांनी खुलासा मागितला. आवाजी मतदानाचा हा वाद आपल्याला नवा नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं संमत झाला आणि मतविभाजन का घेतलं नाही यावरून केवढं रणकंदन माजलं होतं. म्हणून मी मतविभाजनाची मागणी लगेच मान्य केली.

लोकसभेत मतविभाजनाआधी साडेतीन मिनिटं घंटा वाजते, तेवढ्यात सदस्यांनी आत यायचं आणि मग दारं बंद. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं मानणाऱ्यांना हा आकडा लगेच पटला. बी-६०४ च्या मुलीनं मोबाईलचा अलार्म साडेतीन मिनिटं वाजू दिला. तेवढ्यात कुणी गॅस बंद केला, कुणी बाळ सासूकडे दिलं. मग मीटिंग लॉक. सरकार पक्षाचा एक सदस्य चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकला होता. त्याला रेंज आली तोवर दार लागलं होतं. तो व्हॉट्सॲपवर काकुळतीला आला. मी त्याला ४ जुलै २०२२ ची आठवण दिली: शिंदे सरकारनं विधानसभेत १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वास जिंकला तेव्हा उशिरा आलेले काही आमदारही बंद दाराबाहेरच राहिले होते. मोठ्यांच्या पंक्तीत बसवल्यामुळे त्याचा राग निवळला.

हात वर करायचं बटण दाबून मोजणी झाली. एकाचा हात मागच्या मतदानापासून वरच होता. त्याला तो खाली कसा घ्यायचा ते शिकवण्यात वेळ गेला. पण कुणी कंटाळलं नाही, आणि इथंच मला ते कोडं उलगडत गेलं.

व्हॉट्सॲपच्या पोलवर आम्ही कितीतरी निर्णय घेतले आहेत. गेटचा रंग, गणपतीची वर्गणी, लिफ्टचं कंत्राट. बोट टेकवलं की मत. दुपारपर्यंत निकाल, संध्याकाळपासून हरलेल्यांचा वेगळा ग्रुप. कारण पोलमध्ये हरलेल्याला फक्त आकडा मिळतो. त्याचं म्हणणं कुणी ऐकल्याचा पुरावा मिळत नाही. तीन वाचनं, सुधारणा, हरकतीचे मुद्दे, घंटा हे सगळं कशासाठी आहे? जिंकणाऱ्याला याची काही गरज नसते. त्याच्याकडे डोकी असतातच. हा सगळा खटाटोप हरणाऱ्यासाठी आहे. त्याचा शब्द न् शब्द कागदावर यावा, त्याला उत्तर द्यायला कुणीतरी उभं राहावं, आणि हरल्यावरही 'आपलं सभागृह' असं त्याला म्हणता यावं, यासाठी.

या गावाला हे अनुभवानं कळायला हवं. मोशी १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. महापालिकेच्या १२८ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतरची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचेही अधिकार प्रशासकाकडे होते. प्रस्ताव आणणारा आणि मंजूर करणारा एकच. कामं झाली असतील, विषयपत्रिका निघाल्या असतील. पण त्या काळात एकाही विषयावर कुणी हरलं नाही. ज्या सभागृहात हरायला माणूसच नाही ते कितीही वेगानं चालो, त्याला सभागृह कसं म्हणायचं?

तर मोजणी झाली आणि मतं समसमान पडली. तळेगाव चौकात अडकलेलं ते एक मत असतं तर विधेयक तरलं असतं. आता अनुच्छेद १८९ माझ्या अंगावर आला: अध्यक्षानं आधी मत द्यायचं नाही, पण समसमान झाल्यास निर्णायक मत द्यायचं. सी-४०२ चे तारवटलेले डोळे पडद्यावर दिसत होते. मन त्याच्या बाजूला होतं, पण मनाला नियमावलीत खंड नाही. १८६७ मध्ये ब्रिटनच्या कॉमन्स सभेचे अध्यक्ष डेनिसन यांनी घालून दिलेला दंडक असा, की जिथं पुढे चर्चेला वाव असेल तिथं अध्यक्षानं चर्चेच्या बाजूनं मत द्यावं. पण अंतिम निर्णयाची वेळ असेल, तर सभागृहाच्या बहुमताशिवाय नवी गोष्ट स्वतःच्या एका मतानं लादू नये. हे तिसरं वाचन होतं. मी 'नाही' म्हटलं. दिवसा झोपायचा हक्क एका मतानं पडला, आणि ते मत भरपूर झोप मिळणाऱ्या निवृत्त माणसाचं होतं, हे विरोधी पक्षनेत्यानं इतिवृत्तात नोंदवून घेतलं.

सी-४०२ रागावून ग्रुप सोडेल असं वाटलं होतं. उलट दोन दिवसांनी त्यानं नाईटच्या चहाच्या सुट्टीत टाईप केलेलं सुधारित विधेयक पाठवलं. त्यात मिक्सरला दहा मिनिटांची सूट आहे, मुलांना साडेचारनंतर मोकळीक आहे, हरिपाठ वगळलेला आहे आणि भंगारवाल्याशी गेटवर बोलायला तीन जणांची समिती आहे. हरताना ऐकलेलं सगळं त्यानं पदरात पाडून घेतलं आहे. हिवाळी अधिवेशनात हे बहुधा संमत होईल.

फक्त उद्देश व कारणे यांच्या निवेदनात, मागच्या वेळी विधेयक 'भरल्या पोटी दुपारी झोपणाऱ्या अध्यक्षांमुळे' पडलं, असं एक वाक्य आहे. ते मी तपासून घेईन आणि आवश्यक वाटल्यास कामकाजातून काढून टाकीन.