हेडलाइटमधली ओल

आषाढ लागला की यवतमाळात ओल कुठेही शिरते. मिठाच्या बरणीत, काडेपेटीत, कपाटातल्या ठेवणीच्या शालूत. ती आपण निमूट चालवून घेतो. पण गाडीच्या हेडलाइटमध्ये शिरली की घरात बैठक बसते, कारण ही ओल साऱ्या गल्लीला दिसते.

मग सल्लागार जमतात. शेजारचे काका बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी आणून देतात. वहिनींचा हेअर ड्रायर नव्या कामगिरीवर निघतो. एखादा धाडसी भाचा दिव्याच्या बुडाला ड्रिलनं भोक पाडायला सुचवतो, म्हणजे पाणी आपोआप निघून जाईल. पाणी जाईल हे खरं, पण त्याच भोकातून उन्हाळ्यात आर्णी रोडची धूळ आत येईल, हे भाच्याच्या गावी नसतं.

मिस्त्री मात्र नुसता हसतो. "काहून घाबरता, भाऊ? दिवा बी श्वास घेते ना."

त्याचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. हेडलाइट हवाबंद नसतोच. त्याला हवेसाठी बारीक वाटा ठेवलेल्या असतात. 55-60 वॉटचा हॅलोजन बल्ब तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते. दिवा विझून निवला की बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि पावसाळ्यातली हवा काही कोरडी येत नाही. वरून पावसाची सर समोरच्या काचेवर बसली, की गार काचेच्या आतल्या अंगाला ती वाफ धरते. थोडा वेळ दिवा लावून गाडी चालवली की धुकं विरतं. एलईडीची बरीचशी उष्णता पुढे न येता मागे जाते, म्हणून तिथलं धुकं अंमळ रेंगाळतं. खरी काळजी करायची ती थेंब ओघळून तळाशी पाणी डुचमळायला लागलं तर. अशा वेळी बहुधा बल्ब बदलताना मागची रबरी टोपी नीट बसलेली नसते, नाही तर काचेच्या कडेचं सील सुटलेलं असतं.

ओल किती चालेल आणि किती नाही, हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला नवा नाही. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कापसात 8 टक्के ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत भावात कपात, आणि 12च्या वर गेला की कापूस परत. ज्या शेतकऱ्यानं ते मीटर पाहिलंय, त्याला हेडलाइटमधल्या वाफेनं घाम फुटला तर नवल नाही. पण गाडी पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला, नेली तर आरटीओत असं मीटर नसतं. तिथे दिवा लागतो का आणि उजेड जिथे पडायला हवा तिथे पडतो का, हे पाहतात.

तरीही पासिंगचा आदला दिवस म्हणजे लगीनघाई. काळीपिवळी असो की मालवाहू, आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग आहेच. घरच्या गाडीला 15 वर्षं सूट, मग दर पाच वर्षांनी. त्या दिवशी मुका हॉर्न बोलू लागतो, लंगडा वायपर धावतो, मागे रेडियमच्या नव्या पट्ट्या चमकतात. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटला टूथपेस्ट चोळली जाते. उन्हानं पिवळं पडलेलं ते प्लास्टिक तेवढ्यापुरतं उजळतंही, पण वरचा संरक्षक थर गेलेला असल्यानं पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पिवळं पडतं. तोवर कागद हातात आलेला असतो.

गंमत एवढीच, की पासिंग दिवसाढवळ्या होतं आणि दिव्याची परीक्षा रात्री. घाटंजीकडून पांढरकवड्याला निघावं आणि वळणावर रोही उभा असावा. तो काही फिटनेसचा कागद मागत नाही. समोरून येणारा ट्रकवाला मागच्या फळीवर 'रात्री डिपर वापरा' असं लिहून आपल्याला उपदेश करतो आणि स्वतः अप्परवर सुसाट येतो. अशा वेळी आपल्या दिव्यात धुकं किती, यापेक्षा उजेड किती लांब पडतो याला मोल असतं.

म्हणून साहेबांसमोर गाडी नेण्याआधी एका रात्री ती सपाट जागेवर, भिंतीसमोर उभी करा आणि डिपर लावा. दोन्ही उजेड सारख्या उंचीवर पडले आणि वर आभाळाकडे गेले नाहीत, तर धुक्याला खुशाल राहू द्या. पाणी साचलं असेल तर मिस्त्री गाठा. आणि रेडियमच्या दोन पट्ट्या उरल्या, तर कापूस निघायच्या आत शेजारच्या बंडीला मागून चिकटवून द्या. बंडीला पासिंग नसतं.