परेड किती वाजता?

(एकपात्री विनोदी प्रयोग. रंगमंचावर एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीवर फुगलेली पिशवी. बाई घाईघाईत येते, पिशवीची चेन ओढते. लागत नाही. पिशवीवरच बसते. चेन लागते. मग तिचं प्रेक्षकांकडे लक्ष जातं.)

अशीच बसू ना? उठले की चेन उघडते.

आम्ही मुळशीचे. पौडच्या अलीकडचं गाव. मुळशीचं म्हटलं की पुण्याची माणसं दोनच प्रश्न विचारतात. पाऊस पडतोय का, आणि गुंठा काय भाव. शनिवार आला की अख्खं पुणं आमच्याकडं लोटतं. ताम्हिणीत धबधब्याखाली उभं राहतं, कणीस खातं, कणसाची बुरखुंडी तिथंच टाकून घरी जातं. म्हणजे आम्ही राहतो तेच लोकांचं थीम पार्क. मग आम्ही कुठं जायचं? आम्ही घाट उतरायचा. खोपोलीला, इमॅजिकाला. २०१३ साली सुरू झालं ते. तेव्हापासून आमचे हे म्हणतायत, एकदा जाऊ. दोन लेकरं झाली तेव्हा म्हणाले, आता जाऊ. म्हणजे जायला सोपं होतं तेव्हा गेलो नाही.

हे पिरंगुटला एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहेत. कुठलं मशीन किती वाजता काय करणार, ते ह्यांच्या कागदावर असतं. महिनाभर रात्री अंथरुणात तोंडावर पांघरूण घेऊन मोबाईल बघत होते. पांघरुणाच्या आत उजेड. मला भलताच संशय आला. एका रात्री पांघरूण ओढलं, तर माणूस अमेरिकेतल्या डिस्नेलँडची परेड बघत होता! मला म्हणाले, "अगं, १९७२ साली पहिल्यांदा निघाली ही दिव्यांची परेड. अंधार पडल्यावर. जागा आधी धरून ठेवावी लागते."

म्हटलं, आपण खोपोलीला चाललोय.

"तत्त्व तेच आहे."

आणि मग हे आलं. (पदराआडून लॅमिनेट केलेला कागद काढते.) लॅमिनेशन का? पाण्याची राइड आहे म्हणून. ऐका हं.

(वाचते.) "५.१५, उठणे. ५.२०, उठवणे. ५.२० ते ५.४५, पुन्हा उठवणे. ६.३०, प्रस्थान. घोटावडे फाटा, हिंजवडी, एक्सप्रेसवे. ७.४०, बोरघाट. गोट्याची उलटी. राखीव वेळ १० मिनिटं."

धाकट्याच्या उलटीलासुद्धा स्लॉट! आणि खरं सांगते, अख्ख्या दिवसात वेळेवर झालेली तेवढी एकच गोष्ट.

"१०.३०, गेट. १०.३५, शू. सामूहिक." (कागद खाली घेते.) माणूस एवढा हुशार, पण त्याला कुणी सांगितलं की शू सामूहिक होते? तीन वर्षांच्या पोराला शू दोनच वेळा येते. आत्ताच झाली तेव्हा, आणि रांगेत आपला नंबर लागला तेव्हा.

बरोबर सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांना ह्यांनी आदल्या रात्री सगळा कागद वाचून दाखवला. राइड, शो, परेड, रात्रीची रोषणाई. आत्या तांदूळ निवडत होत्या, आंबेमोहोर, सुपातून मान वर केली नाही. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हंजी जत्रा."

"आई, जत्रा नाही. थीम पार्क."

"पाळणं हायेत न्हवं? सोंगं हायेत? रातच्याला दिव्यांचा छबिना हाय? मंग जत्राच की रं. गोडीशेव मिळती का?"

"नाही."

"मंग कसली जत्रा!" आणि मग सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "लेकरं दुपारची कवा निजायची?"

हे हसले. "आई, झोपायचे पैसे भरलेत का आपण?"

(कागदावर बोट ठेवते.) बारा ते चार, सहा राइड. बघा, झोप नाही. तो प्रश्न लक्षात ठेवा हं. आमच्या ह्यांनी ठेवला नाही.

(उठू लागते. चेन उघडल्याचा आवाज. पटकन पुन्हा बसते.)

आता उंची. माझ्या लहानपणी पुण्यात पेशवे पार्कात फुलराणी होती. अजून आहे, १९५६ पासून धावतेय. त्या गाडीला उंचीची अट नव्हती. तिकीट काढा, बसा, बोगद्यात ओरडा, उतरा. इथं मोठ्या राइडला पट्टी लावलेली. डोकं पट्टीला टेकलं तर आत, नाहीतर टाटा. आमची चिमी सहा वर्षांची. ह्यांनी दोन महिने आधीपासून दर रविवारी तिला दाराच्या चौकटीला उभी करून पेन्सिलची रेघ मारली. चौकटीवर नऊ रेघा. नऊही एकीवर एक! मग दूध वाढवलं, लोंबकळायला दोरी बांधली. शेवटी मी जायच्या दिवशी टाळूवर उंच बुचडा बांधला, वर बो, बोवर क्लिप. पट्टीपाशी तिथल्या पोरीनं शांतपणे बुचड्यावर हात ठेवला आणि... (हळूच दाबते) ...असा खाली दाबला. चिमी सगळ्यांदेखत चार बोटं बुटकी झाली.

रडली नाही. बापाकडं बघून म्हणाली, "पप्पा, तुम्ही जा." काय आवाज! जणू सीमेवर पाठवतेय.

तिथं एक मोठी राइड आहे, नायट्रो. पाय हवेत लोंबकळतात, खाली फळीच नाही. ह्यांनी मला आदल्या रात्री अमेरिकेतली पद्धत समजावली होती. नवराबायकोतल्या एकानं धाकट्याला धरून बाहेर थांबायचं, दुसऱ्यानं राइड करून यायचं, मग अदलाबदल. दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. रायडर स्विच म्हणतात. म्हटलं, आपल्याकडं आत्या आहेत. जत्रेत पन्नास वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पोरं धरलीत. आत्या म्हणजेच रायडर स्विच.

तर हे एकटे गेले. आम्ही खालून बघतोय. वरून आरडाओरडा चाललाय, त्यात आपला माणूस ओळखू येतो का बघतोय. आत्यांना आला. म्हणाल्या, "त्यो बघ, आगं आई गं म्हणतोय, त्यो आपला." परत आले तेव्हा चेहरा पिवळाधमक. बाकावर बसले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी कागद बघितला, म्हटलं, तुमचा राखीव वेळ संपला. मान हलवून म्हणाले, "ब्रेकडाऊन." मग मला म्हणाले, "जा, आता तू." म्हटलं, मला घरी स्वयंपाक आहे.

तिथून राजासोरस. पाण्यातून बोट जाते, आत डायनासोर. आता आमचा गोट्या. तीन वर्षांचा, पण डायनासोर सगळे पाठ. बाराखडी येत नाही, ट्रायसेराटॉप्स येतो. रांगेत तो आजीला सांगत होता, राजासोरस खरा होता, आपल्या भारतातला. आणि बरोबर आहे हो. गुजरातेत हाडं सापडली, २००३ साली त्याचं नाव ठेवलं, राजासोरस नर्मदेन्सिस. पण बोट आत अंधारात शिरली मात्र, आमचे शास्त्रज्ञ माझ्या पदरात. "आई, घरी. आई, घरी." तेव्हा आत्यांनी विचारलं, "नर्मदेकडचा हाय म्हन्लास ना त्यो?" गोट्या पदरातून म्हणाला, "हो." "मंग भ्यायचं न्हाय. परिकम्मेतला हाय." आणि त्या अंधारात, त्या गुरगुराटात, आत्यांनी डायनासोरला हात जोडले!

मग बोट खाली आपटली. सगळे भिजलो. गोट्याच्या चार चड्ड्या नेल्या होत्या. दोन वाजेस्तोवर चारही संपल्या. मग पिशवीच्या तळाशी ह्यांचा टी-शर्ट निघाला, कारखान्यातला, सेफ्टी वीकला मिळालेला. पोरगं उरलेला दिवस त्या झग्यात फिरलं. पाठीवर मोठ्या अक्षरांत "सुरक्षा प्रथम". आणि आत काही नाही.

(कागद उलटा धरून वारा घेते.)

दुपारची गोष्ट फार सांगत नाही. ऊन होतं, रांग होती, चिमीला आइसक्रीम हवं होतं आणि गोट्याला चिमीचं आइसक्रीम हवं होतं. हे प्रत्येक राइडपुढं टिक करत होते. एकदा मला म्हणाले, "अगं, डिस्नेलँडचा पहिला दिवस, १७ जुलै १९५५. डांबर इतकं ओलं होतं की बायकांच्या टाचा रुतल्या. आपलं बरं चाललंय." नवऱ्यानं बायकोचं सांत्वन कसं करू नये, त्याचा हा नमुना.

पण परेड! दिवसभर सगळं परेडसाठी चाललं होतं. सकाळपासून गोट्याचा एकच प्रश्न, "परेड किती वाजता?" बोरघाटात उलटी करून तोंड पुसता पुसता, "परेड किती वाजता?" ह्यांनी तासभर आधी जागा धरली. आत्यांनी टॉवेल अंथरला, चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या. ही छबिन्याची पद्धत. पालखी जाणार त्या वाटेवर बायका अशीच जागा धरतात. आम्ही बसलो. ऊन उतरलं. वारा सुटला. लांबून बँड ऐकू आला.

आणि गोट्यानं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

(खुर्चीवर अवघडून, मांडीवर पोर असल्यासारखी.) "अगं उठव त्याला!" गोट्या, बाळा, परेड! गालाला पाणी लावलं. तळव्याला गुदगुल्या केल्या. कानाशी "डायनासोर" म्हटलं. एक डोळा अर्धा उघडला, बापाला बघितलं, परत मिटला. ह्यांनी त्याला उभा धरला. पोरगं उभ्यानं झोपलं. आत्या म्हणाल्या, "निजल्या लेकराला उठवू न्हाय." हे कळवळून म्हणाले, "आई, महिनाभराचं प्लॅनिंग आहे!"

परेड आली. नाचणारी माणसं, रंगीत कपडे, मोठमोठी सोंगं. चिमी नुसती उड्या मारत होती. एक हत्ती आला. त्याला बघितल्यावर आत्या उठून उभ्या राहिल्या, पदर सावरला, कमरेच्या पिशवीतून दहाची नोट काढली, त्याच्यावरून ओवाळली. आणि तो हत्ती, आत कोण लेकरू होतं देव जाणे, थांबला. आत्यांपुढं वाकला. आत्यांनी त्याच्या सोंडेवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. दिवसभर बापडा त्या कपड्यात घामानं भिजला असणार. त्याला पहिल्यांदाच कुणीतरी दृष्ट काढून सोडलं.

आणि आमचे हे? ह्यांनी परेड बघितलीच नाही. गोट्याला नंतर दाखवायला व्हिडिओ काढत होते. पण पोरगं व्हिडिओत दिसलं पाहिजे ना! म्हणून मोबाईल पोरावर. अकरा मिनिटांचा व्हिडिओ. पुढं गोट्याचं उघडं तोंड, त्यातून गळणारी लाळ, आणि मागं कोपऱ्यात हत्तीचा एक कान.

अंधार पडला, दिवे लागले, चक्र चमकायला लागलं. मुलं रात्रीच्या दिव्यांत घोड्यांच्या पाळण्यात बसणार, हे कागदावर शेवटचं, तांबड्या शाईत. चिमी एक फेरी बसली आणि घोड्यावरच पेंगायला लागली. दोघांना दोन खांद्यांवर टाकून आम्ही गाडीत आलो.

एक्सप्रेसवेला लागलो. रात्रीचे दहा. मागून आवाज, एकदम ताजा, सकाळी दूधवाला असतो तसा. "पप्पा, परेड किती वाजता?"

ह्यांनी व्हिडिओ लावून दिला. गोट्यानं नीट बघितला. मग विचारलं, "हा कोण झोपलाय?"

(थांबते.)

घरी पोचलो साडेअकराला. पोराची झोप झालेली. दीड वाजता तो अंगणात उभा, "सुरक्षा प्रथम" घालून, परेड मागतोय. शेवटी आत्या उठल्या. थाळी आणि उलथनं घेतलं. मला डोक्यावर बत्ती धरायला लावली, म्हणजे मोबाईल. ह्यांना चादर पांघरून हत्ती केलं. आणि निघाली आमची परेड, अंगणातून गोठ्याकडं, गोठ्यातून पुन्हा अंगणात. म्हशीसुद्धा उठल्या. शेजारच्या काकांनी खिडकीतून विचारलं, "वरात कुणाची रे?"

पुढं चैत्रात आमच्या भैरवनाथाची जत्रा आली. आत्यांचं प्लॅनिंग बघितलं मी. कागद नाही, लॅमिनेशन नाही. दुपारी एकला सगळ्यांना आमटी-भात वाढला, खिडक्यांना चादरी लावल्या, आणि हुकूम सोडला, "निजा." पोरं निजली. मी निजले. आमचे हे "मला झोप येत नाही दुपारची" म्हणता म्हणता घोरायला लागले. पाचला उठून चहा. रात्री हलगी वाजली, पालखी उठली, दारू उडाली, तेव्हा गोट्या बापाच्या खांद्यावर टक्क जागा, दोन्ही हातात गोडीशेव.

तेवढ्यात ह्यांच्या हातात मला पेन दिसलं. गर्दीतून वाकून विचारत होते, "आई, छबिना परत देवळात नक्की किती वाजता येतो?"

आत्या म्हणाल्या, "देव यील तवा."

(पिशवीवरून उठते. चेन उघडते. आतून चड्ड्या, फडकी, वाळलेलं कणीस बाहेर पडतं. ती बघते, कणीस उचलून ओच्यात टाकते.)

पुढच्या चैत्रात तुम्हीही या. गाडी फाट्यावरच लावा, आत रस्ता अरुंद आहे. आणि पोरांना घेऊन येणार असाल, तर दुपारी झोपून या.