मासा तीन राज्यांचा, पावती कुणाची?

दिवाळीच्या सुट्टीचे बेत नाशिकमध्ये आतापासूनच शिजू लागलेत. यंदा गंगापूर धरणाच्या काठावर भागत नाही. थेट नर्मदेवर जायचं. धुळे, शहादा, धडगाव आणि तिथून खाली सरदार सरोवराचं पाणी. रॉड घेतला, तंबू घेतला, मासळी भाजायचा तवाही घेतला.

परवाना?

त्याची आठवण कुणालाच नाही.

हे पाणी 214 किलोमीटर पसरलंय. अलीकडचा काठ नंदुरबारचा, समोरचा मध्य प्रदेशाचा, धरणाची भिंत गुजरातेत. हद्द नकाशावर आहे, पाण्यावर ना खांब ना दोरी. गळ आपल्या बाजूला टाकला, मासा ओढ घेत पलीकडे गेला, होडी त्याच्या मागे गेली आणि तिथे तो हाती आला. कुणाच्या परवानगीने धरला?

प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आंतरराज्य नद्यांचं नियमन घटनेच्या केंद्र सूचीत 56 व्या क्रमांकावर आहे. मासेमारी राज्य सूचीत 21 व्या क्रमांकावर. म्हणजे नदीच्या भांडणात दिल्लीला बोलता येतं. त्याच नदीतल्या माशाचा हुकूम मात्र राज्याचा.

राज्यं तीन, म्हणून कायदेही तीन. मध्य प्रदेशाचा 1948 चा, महाराष्ट्राचा 1960 चा, गुजरातचा 2003 चा. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद, कारण पावसाळ्यात रोहू-कटला अंडी घालतात.

रोहूला कुणी सांगावं, की आपला काठ धरून राहा?

या राज्यांना वाटण्या जमत नाहीत, असंही नाही. नर्मदा लवादाने 1979 मध्ये वीज टक्क्यांनी वाटली: मध्य प्रदेश 57, महाराष्ट्र 27, गुजरात 16. पाण्यातून महाराष्ट्राच्या वाट्याला 0.25 दशलक्ष एकर-फूट आलं. पाण्याचा हिशेब दशांश चिन्हापर्यंत लागतो. मग हौशी माणसाच्या एका परवान्यावर तीन शिक्के का बसत नाहीत?

इच्छा नाही, एवढंच कारण.

आपलीही गंमत बघा. गुजरातेत दारूबंदी आहे हे सहलीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ. बाटली कुठवर न्यायची, कुठे संपवायची, सगळं निघण्याआधी ठरतं. बाटलीची हद्द कळते, त्याला मासळीची हद्द कळू नये?

कळते. दंडाची भीती नाही, म्हणून कळत नाही असं म्हणायचं.

साक्रीवरून नवापूरला जा. तिथलं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशन मास्तरांचं कार्यालय त्यांच्याकडे. एका बाकड्याच्या मधोमध हद्द जाते, एका टोकाला गुजरात आणि दुसऱ्या टोकाला महाराष्ट्र. उद्घोषणा चार भाषांत होतात. प्रवाशाला तिकीट मात्र एकच लागतं.

रेल्वेला जे साधतं, ते तीन मत्स्य खात्यांना का साधू नये?

त्याच नवापूर तालुक्यात उकाईचं पाणी शिरलंय. तापीवरचं ते धरण गुजरातेत 1972 मध्ये पूर्ण झालं. तिथेही हाच गुंता.

एक परवाना हा केवळ सहलवाल्यांच्या सोयीचा मामला नाही. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारायला 1897 च्या कायद्यानेच बंदी घातली. पण जिलेटिनची कांडी फोडणारा होडी वल्हवत पलीकडे गेला, की अलीकडच्या खात्याचे हात बांधलेले. चोराला हद्द फायद्याची आहे. ती फक्त प्रामाणिक माणसाच्या आड येते.

आणि खात्याचं लक्ष कुठे? महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलं. चांगलं केलं. पण पापलेट समुद्रात असतं, धडगावच्या काठावर नाही. मुंबईहून बघितलं की मासळी म्हणजे कोकण. नर्मदेच्या काठावर जाळं टाकणारा त्या नजरेत मावत नाही.

त्याचा हक्क तर सगळ्यांच्या आधी. या सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं बाधित झाली. सगळी अक्कलकुवा आणि धडगाव भागातली, आदिवासींची. पहिली झळ मणिबेलीला लागली. ज्यांची शेतं पाण्याखाली गेली, त्यांनी त्याच पाण्यावर मच्छीमार संस्था उभ्या केल्या. जमीन गेली, उरलं ते पाणी. तेही शनिवार-रविवारच्या पाहुण्यांनी फुकटात वापरायचं?

काठावर गेलात तर एक बघा. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या पाण्यावर रांगेने तरंगताना दिसतील. तो कचरा नव्हे. खाली कुणाचं तरी जाळं लावलेलं आहे. मोटारबोट त्यावरून गेली की पंख्यात दोरा अडकतो, जाळं फाटतं आणि एका घराची आठवड्याची कमाई बुडते. तुमची सेल्फी मात्र छान येते.

मागणी साधी आहे. तीन राज्यांनी मिळून हौशी मासेमारीचा एकच परवाना काढावा. बंदीचा काळ एकच ठेवावा. शुल्काचा मोठा वाटा बुडित गावांच्या संस्थांना मिळावा. नियमांचा फलक काठावर लावावा, मराठीत, हिंदीत, गुजरातीत आणि भिल्ली-पावरीतही. नंदुरबार नाशिक महसूल विभागातच येतं. विभागीय आयुक्तांचं कार्यालय नाशिकरोडला आहे. पहिलं पत्र इथूनच निघू शकतं.

निघेपर्यंत काय करायचं? काठावरच्या मच्छीमार संस्थेला आधी विचारा. पैसे द्या, पावती घ्या, संस्था सांगेल त्या बाजूलाच गळ टाका. प्रजननाच्या काळात गळाला हात लावू नका.

आणि पावती मिळाली नाही, तर रॉड गाडीतच राहू द्या.