वाळवंटी नगराच्या विरहाची वहिवाट

विरह हा विषय आपल्याकडे आजवर सर्वस्वी कवींच्या ताब्यात राहिल्यामुळे त्याचे शास्त्र बनू शकले नाही, ही मोठी हानी झाली असे माझे नम्र मत आहे. पावसाळ्यात प्रियजन आठवावे, परमुलखात गाव आठवावे आणि पोटात दुखू लागले म्हणजे आई आठवावी, या तीन कलमांच्या पलीकडे आपला या बाबतीतील कायदा गेलेला नाही. आणि ज्या गृहस्थाने आयुष्याची अठ्ठावीस वर्षे बिकानेरसारख्या वाळवंटी नगरात काढून उतारवयात सांगलीस कृष्णेकाठी बिऱ्हाड केले, त्याने त्या नगराची आठवण कोणत्या ऋतूत, कोणत्या साहित्यानिशी आणि कोणाच्या परवानगीने काढावी, याविषयी एकही परिपत्रक कोणत्याही कचेरीत मिळत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, माण आणि खटाव या तालुक्यांतील जे गलाई बांधव भट्टी मुलापुतण्यांच्या हवाली करून दरसाल गावी परततात, त्यांची या कामी गैरसोय होऊ नये म्हणून मी पुढील सूचना लिहीत आहे.

गलाई म्हणजे काय हे सांगलीच्या पश्चिमेकडील बागायतदारांसही पुष्कळदा ठाऊक नसते, सबब थोडा खुलासा करतो. सराफाच्या पेढीवरचे जुने दागिने, कानसीचा कीस, इतकेच नव्हे तर कारागिराच्या बैठकीखालची झाडलोटीची माती विकत घ्यावी, ती जाळावी, धुवावी, मुशीत टंकणखार घालून वितळवावी, शोऱ्याच्या तेजाबात तांबे आणि चांदी विरघळू द्यावी आणि तळाशी जे तपकिरी, गरीब दिसणारे चूर्ण उरते ते पुन्हा आटवले की सोने, असा हा उद्योग आहे. विटे आणि त्याच्या आसमंतातील माणसे या उद्योगापायी हिंदुस्थानातील बहुतेक सराफकट्ट्यांवर जाऊन बसली. गावी पाऊस पडत नव्हता हे त्याचे कारण. परंतु पाण्याअभावी गाव सोडलेल्यांपैकी काहींनी नेमके थरच्या वाळवंटात जाऊन दुकान मांडावे, यास मूर्खपणा म्हणावा की सातत्य, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. बिकानेरात कुंदनाचे काम मोठे, आणि जिथे कुंदनाचे काम मोठे तिथे झाडलोट मौल्यवान, एवढाच हिशेब माझ्या थोरल्या बंधूंनी केला होता.

प्रथम अर्जदाराची पात्रता पाहावी. वाळवंटातून जिवंत परत येणे ही पहिली अट होय, आणि ती वाटते तितकी क्षुल्लक नाही. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या शिंद्यांपैकी जयाप्पा मारवाडच्या स्वारीवर गेले, नागोरास वेढा घालून बसले आणि 1755 साली तेथेच दग्याने मारले गेले. ज्याच्याविरुद्ध हा वेढा होता तो मारवाडचा राजा बिजयसिंह मदत मागायला बिकानेरला गेला. जयाप्पांची छत्री नागोरजवळ ताऊसर येथे आहे. आमच्या मुलखातून त्या वाळूत गेलेला एवढा मातबर मनुष्य दुसरा नाही, तथापि तो परत न आल्यामुळे विरहाच्या दाखल्यास अपात्र ठरतो, याचे मला फार वाईट वाटते.

दुसरी अट अशी की अर्जदाराने तिकडे असताना त्या नगराची यथेच्छ निंदा केलेली असावी. मी स्वतः अठ्ठावीस वर्षे बिकानेरच्या उन्हाला, खारट पाण्याला आणि शहराच्या ऐन काळजावर असलेल्या कोटगेटच्या रेल्वे फाटकाला, की जे आपण घाईत असलो म्हणजे हटकून बंद होते, नित्यनेमाने शिव्या दिल्या. आणि दसऱ्याला विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत लागलेली असताना मी मात्र भट्टीपुढे बसलो आहे या विचाराने दरवर्षी जेवण टाकले. आता विट्याची पालखी एका तासाच्या अंतरावर आली आहे, आणि गेल्या दसऱ्याला मी घरी बसून कोटगेटचे फाटक या वेळी बंद असेल की उघडे, याचा विचार करीत होतो. यास कोणी बेइमानी म्हणू नये. ही वहिवाट आहे.

यानंतर स्थाननिर्णय. सातारा शहर या कामास गैरलायक होय. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी माझे मेहुणे राहतात. त्यांच्याकडे श्रावणात दोरीवर घातलेला सदरा चार दिवस वाळत नाही आणि पाचव्या दिवशी त्यास बुरशीचा वास येतो. अशा वेळी बिकानेर आठवते हे खरे, पण ते सदऱ्यापायी आठवते, आणि सहेतुक विरह शास्त्राला मान्य नाही. उलटपक्षी त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस दहिवडीवरून म्हसवडकडे निघावे, तर बाजरी तीच, मेंढरे तीच, आभाळाला टेकलेला उघडा माळ तोच. तिथे मनुष्यास बिकानेरची आठवण होत नाही, तो बिकानेरातच असतो, फक्त किल्ला दिसत नाही. आटपाडीची बाजू एके काळी मध्यम प्रतीची म्हणून शिफारस करता आली असती. परंतु कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी अडवून ते टप्प्याटप्प्याने उचलीत आटपाडीपर्यंत नेल्यापासून तिकडचा भरवसा उरला नाही, आणि व्यंकटेश माडगूळकरांनी 1955 साली ‘बनगरवाडी’त दाखवलेला उजाड माणदेश शोधण्यास निघालेल्या वाचकाची काही गावांत डाळिंबाच्या बागा आणि उसाचे फड पाहून फसगत होण्याचा संभव आहे. अर्थात वाळवंटानेही याबाबत आम्हांस तोंड दाखवायला जागा ठेवलेली नाही. बिकानेरच्या महाराज गंगासिंहांनी 1927 सालीच सतलजचे पाणी कालव्याने आपल्या संस्थानात आणले होते. तात्पर्य, कोरडेपणावर विसंबून राहणाऱ्याचे दिवस दोन्हीकडे संपले आहेत. म्हणून सांगली घ्यावी. जिथे बाजारात हळदीचा पिवळा धुरळा उडतो, पण नदी चारचौघींसारखी बारमाही वाहते, ते गाव विरहास प्रशस्त.

साहित्याच्या प्रकरणात मी स्वतः ठेचकाळलो, तेव्हा नवशिक्यांनी हा भाग सावकाश वाचावा. वाळवंटाचे मुख्य द्रव्य वाळू, असे समजून मी गच्चीवर एक बेताचा धोरा, म्हणजे वाळूचा उंचवटा, रचण्याचे मनात आणले आणि अर्धा ब्रास वाळू मागवली. बिकानेरमध्ये मला वाळू कधी विकत घ्यावी लागली नाही. ती उंबऱ्यातून, खिडकीतून, पिठाच्या डब्यातून आणि आंधी आली म्हणजे मिटलेल्या पापण्यांतूनही आपण होऊन येते. इकडे ती गौण खनिज आहे. गाडी दारात उभी राहून घटका झाली नसेल तोच एक तलाठी हजर झाले, वाहतुकीचा पास कुठे आहे म्हणाले, स्वामित्वधन भरल्याची पावती मागू लागले, आणि बांधकाम कोणते चालू आहे या प्रश्नाला मी “विरह” असे उत्तर दिल्यावर त्यांनी दोन पंच बोलावले. शेजारचा पोरगा तेवढ्यात ओरडला, “तात्या, वाळू कशापायी आणलीया? नदीला काय तोटा हाय का?” पंचनाम्यावर सही करताना मला जन्मात प्रथमच कळले की सोन्याची माती कागदाशिवाय विकत घेतलेल्या माझ्यासारख्या माणसाला मातीची माती कागदाशिवाय विकत घेता येत नाही.

वाळूचा नाद सोडून मग मी पाट्याकडे वळलो. बिकानेरच्या जुन्या वस्तीत चौकाचौकांत लाकडी पाटे मांडलेले असतात, दहा-पंधरा माणसे मांडी घालून बसतील एवढे ऐसपैस. काहींवर तर छत्रीही असते. दिवसा उन्हामुळे तिकडे कोणी फिरकत नाही, परंतु रात्री जेवणे उरकली की वाळू जशी भराभर निवते तशी माणसेही निवतात आणि पाट्यावर येऊन बसतात. मग कोणाच्या मुलीचे लग्न मोडले येथपासून दिल्लीत कोणाचे आसन डळमळले येथपर्यंत सर्व दप्तर तिथे उघडले जाते. या वार्तापत्रास ते लोक ‘पाटा गजट’ म्हणतात. होळीच्या सुमारास याच पाट्यांपाशी रम्मत म्हणून रात्रभर चालणारे खेळ होतात. मी पहिल्या वर्षी त्या कडेला उभा राहिलो, तिसऱ्या वर्षी कोपऱ्यावर टेकलो, आणि सातव्या वर्षी एका म्हाताऱ्या जडियाने, म्हणजे कुंदनात खडे बसवणाऱ्या कारागिराने, सरकून जागा करून “बिराजो सा” म्हटले, तेव्हा मला नगरपालिकेचा सभासद झाल्यासारखे वाटले.

सांगलीत आमच्या इमारतीखाली मी सागवानी पाटा करवून ठेवला. पहिले चार दिवस लोकांनी त्यावर वाहने पुसायची फडकी वाळत घातली. पाचव्या दिवशी एक सेवानिवृत्त गृहस्थ बसले, परंतु आपली साखर किती आहे याखेरीज त्यांच्यापाशी गजट नव्हते, आणि साडेनऊला ते झोपायला गेले. आठवड्याच्या अखेरीस मोटारींच्या जागेवर अतिक्रमण केल्याची नोटीस मला मिळाली. मी खिन्न होऊन घरी आलो, तर मंडळींनी विचारले, “अहो, अठ्ठावीस वर्षांत ज्याच्यावर मला एकदाही बसायला मिळाले नाही, तो पाटा इथे कशाला मांडलात?” बायकांनी पाट्यावर बसण्याची तिथे रीत नाही, ही गोष्ट मी खरोखरच विसरलो होतो. मंडळींचे बिकानेर गच्चीवरचे आहे. तिथे त्यांनी शेजारणींबरोबर पापड लाटले. त्या शेजारणींशी त्या दर रविवारी दूरध्वनीवर तासभर मारवाडीत बोलतात, हसतात, आणि मग स्वयंपाकाला लागतात. या पद्धतीत साहित्य काहीच लागत नाही आणि पंचनामाही होत नाही, त्यामुळे ती शास्त्रीय म्हणता येणार नाही.

खाद्यपदार्थांचे प्रकरण त्या मानाने सोपे. बिकानेरी भुजिया, जी महाराज डूंगरसिंहांच्या कारकिर्दीत 1877 च्या सुमारास निघाली असे सांगतात, ती ज्या मोठाच्या पिठाची करतात तो मोठ म्हणजे आपली मटकी. ज्या धान्याची आम्ही उसळ करून वर कांदा पेरतो, त्याच धान्याचे त्या लोकांनी एवढे नाव केले हे समजल्यापासून मिसळ खाताना माझे चित्त एकाग्र होत नाही. तसेच तिकडची खेजडी म्हणजे आपली शमी किंवा सौंदड. ती तुटू नये म्हणून 1730 साली जोधपूरजवळ खेजडली गावी 363 बिश्नोई माणसांनी प्राण दिले, आणि आपण दसऱ्याला तिची पूजा करून उरलेले वर्षभर तिच्या फांद्या बांधाच्या कुंपणाला लावतो. उंदरांविषयी एक सावधगिरी सांगतो: देशनोकला करणीमातेच्या मंदिरात ज्यांनी काबा नावाचे पूज्य उंदीर पायांवरून जाऊ दिले आहेत, त्यांनी हळदीच्या वखारीत हिशेबनीस म्हणून राहू नये. सापळा लावताना हात कापतो.

काळासंबंधी म्हणाल तर अक्षय्यतृतीया हा मुहूर्त उत्तम. राव बिकाने हे नगर 1488 साली वैशाखाच्या द्वितीयेस वसवले असे तिकडे मानतात आणि त्या दोन दिवसांत, पारा 45 अंशांच्या घरात असताना, सारे शहर गच्चीवर चढून पतंग उडवते, खिचडा खाते आणि चिंचेचे पन्हे पिते. सांगलीत मी एकट्याने पतंग उडवला, पोरांनी “आता संक्रांत हाय व्हय?” असे विचारले. परंतु खरा पर्वकाळ ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या महापुराबरोबर आला. आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी, तिथे पाणी 57 फुटांच्या वर गेले, गल्ल्यांतून होड्या चालल्या, आणि दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोन बादल्या पिण्याचे पाणी जपून वापरीत बसलो होतो. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब मोजून, हा हिशेब मला बिकानेरातल्या घरांखालच्या टांक्यांनी, ज्यांत पावसाचे पाणी साठवून वर कुलूप घालीत, चांगला शिकवला होता. त्या आठ दिवसांत मी त्या नगराची जेवढी आठवण काढली तेवढी त्याआधी वा नंतर कधी काढली नाही, आणि तीत शास्त्र मुळीच नव्हते.

शेवटी आठवणीचा टंच पाहावा. आमच्या धंद्यात मुशीत घातलेले सर्वच सोने असते असे नाही, तद्वत आठवणीतही पाट्याबरोबर फाटक, चांदण्याबरोबर लू, आणि घरमालक दर वर्षी भाडे वाढवताना जी गोड भाषा वापरीत तीही येते. ती तेजाबात घालून काढून टाकण्याचा मोह फार होतो. माझी शिफारस अशी की पिकाची काढतात तशी आठवणीची पैसेवारी प्रामाणिकपणे काढावी आणि ती 50 पैशांच्या आत आली तर निमूटपणे टंचाई जाहीर करावी. माझी 48 आली. मी ती 52 लिहिली आहे.

एवढे करूनही चैन पडेना, तेव्हा मी पुतण्यास लिहिले की आपल्या दुकानात भट्टीसमोर मी ज्या जागी बसत असे तिथली मूठभर माती, वाळू नव्हे, कोणी विट्याला येत असेल त्याच्याबरोबर पाठव. त्याचे उत्तर आले: “तात्या, फरशी जुनी झाली होती, ती गेल्या महिन्यात उकरली. खालची माती सगळी गाळली. सव्वातीन ग्रॅम निघाले. भाव बरा होता, विकून टाकले.”