एका घसरगुंडीनिमित्त अमेरिकी काँग्रेसला अनावृत पत्र

अमेरिकी काँग्रेसच्या सन्माननीय सभासदांचे सेवेशी, सा. न. वि. वि.

सन १९८१ मध्ये आपण उद्यानांत कायमची ठाण मांडून बसलेली करमणुकीची यंत्रे ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या अखत्यारीतून वगळलीत आणि गावोगाव हिंडणाऱ्या पाळण्यांवर मात्र त्याची नजर कायम ठेवलीत, त्या विवेकाचे कौतुक आजवर कोणी पुरेसे केलेले दिसत नाही. बैराग्याची झडती घ्यावी हे रास्तच. परंतु ज्या यंत्राने चौथरा बांधून, स्थावर होऊन गृहस्थाश्रम पत्करला, त्याच्या खिळ्यामोळ्यांना सरकारी अंमलदाराने हात लावणे म्हणजे अब्रूवर घालाच की! (आमच्या जत्रेतला पाळणा मालमोटारीतून येतो, आपल्या शास्त्राप्रमाणे तो जन्मजात संशयित.)

या गृहस्थांचा कारभार आपण राज्यांकडे सोपविलात, आणि कॅन्ससने तो बहुतांशी मालकांकडे. तपासणीस मालकाने नेमावा, दाखला मालकाच्या दप्तरी राहावा, आणि सरकारने मर्जी झाल्यास तो कागद पाहावा, अशा त्या सुखी अमदानीत २०१४ साली कॅन्सस सिटी येथे १६८ फूट उंचीची जलघसरगुंडी उभी राहिली. चाचणीत वाळूच्या गोण्या भरलेले तराफे दुसऱ्या चढावरून हवेत उडाले, तेव्हा चढाची उंची बदलण्यात आली. शिवाय वरून धातूच्या कमानी टाकून त्यांवर जाळी ताणली गेली. तराफ्यातील तिघांचे एकूण वजन ४०० ते ५५० पौंडांत असावे, असाही दंडक होता. उतारूंना काट्यावर चढविणाऱ्या या व्यवस्थेत यंत्राला तोलणारा त्रयस्थ तेवढा नव्हता. ७ ऑगस्ट २०१६ रोजी, लोकप्रतिनिधींना व त्यांच्या कुटुंबीयांना मोफत प्रवेशाच्या दिवशी, तराफा उचलला गेला आणि दहा वर्षांचा मुलगा त्याच कमानीवर आदळून मरण पावला.

पुढच्या वर्षी कॅन्ससने कायदा कडक केला. २०१८ साली घसरगुंडी पाडली. आपली सवलत मात्र तिच्या चौथऱ्याहून भक्कम निघाली.

ती रद्द करण्याचे धाडस आपणांस सुचविण्याइतका मी अविचारी नाही. विनंती इतकीच, की प्रत्येक स्थावर पाळण्यास चार चाके बसवून तो दरसाल वीतभर सरकविण्याचा हुकूम व्हावा, म्हणजे आयोगाच्या निरीक्षकास, सवलतीच्या एका अक्षरासही धक्का न लावता, त्याच्या वंगणाची चौकशी करता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
एक भित्रा उतारू