सव्विसाव्या मिनिटाचा अंतरपाट

आम्ही वर्ध्यात बॅचलर रोडला राहतो. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी हा पत्ता सांगितला की समोरचा माणूस एकदा माझ्याकडे आणि एकदा बायकोकडे पाहतो. आता त्याचं काही वाटत नाही. गेल्या मे महिन्यात मात्र पत्ता खरा होतो की काय अशी वेळ आली. आमच्या घरच्या कम्प्युटरवर माझं लग्न लागेनासं झालं.

लग्न १९९३ सालचं, हिंगणघाटचं, भर उन्हाळ्यातलं. शूटिंगवाल्याने हॅलोजनचा असा झोत मारला होता की वऱ्हाडातली निम्मी माणसं त्यात डोळे मिटूनच आहेत. पुढे व्हीसीआर भंगारात गेला आणि २००६ साली त्या कॅसेटच्या तीन व्हीसीडी करून घेतल्या. तिसरी पपईच्या झाडाला पोपट हाकलायला टांगली गेली. दुसरी कुणी नेली ते ठाऊक नाही. पहिली बरीच वर्षं लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून होती. ती धुऊन-पुसून भाच्याने तिची फाईल कम्प्युटरात घातली, कारण बाबांना लग्न पाहायचं होतं. बाबांचं वय शहाऐंशी. ते सहसा काही मागत नाहीत, म्हणून मागितलं की घरात धावपळ होते.

कम्प्युटरबरोबर आलेला प्लेअर होता, त्यात फाईल लावली. सीमांतपूजन झालं, वरात आली, मी घोड्यावरून उतरताना अडखळलो तेही नीट दिसलं. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं संपत आली, गुरुजींनी 'सावधान' म्हटलं आणि सव्वीस मिनिटं चौदा सेकंदांवर पडदा गोठला. 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळालेले आपल्याला एकच ठाऊक, समर्थ रामदास. आमचा प्लेअर दुसरा.

पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच. पट्टी पुढे ओढून पाहिली तर प्लेअर तिथल्या तिथे मिटायचा. मग एक चौकट यायची: या प्रोग्रामने काम करणं थांबवलं आहे, उपाय शोधत आहोत. खाली एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे जायची, पुन्हा डावीकडून निघायची. इतक्या मनापासून शोध चाललेला मी फक्त सरकारी कचेरीत पाहिला आहे, आणि निकालही साधारण तसाच लागायचा. शेवटी विचारणा व्हायची, अहवाल पाठवायचा का? मी दरवेळी पाठवला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर कचेरीत लोकशाही दिन असतो, तिथे दिलेल्या अर्जाची निदान पोच तरी मिळते.

एकदा यंत्र बिघडलं की घरातलं, शेजारचं कोणीच अडाणी राहत नाही. बाबांचं निदान होतं उष्णता. "छेचाळीस डिग्रीत माणूस चालत नाही, थे का चालन?" ते म्हणाले. वर्ध्याच्या मे महिन्यात हे म्हणणं कोण खोडणार? आम्ही कूलर फिरवून कॅबिनेटसमोर लावला. दोन दिवस कम्प्युटर वाळ्याच्या गार हवेत बसला आणि आम्ही तिघं पंख्याखाली घामाघूम. सव्वीस-चौदा. शेजारच्या काकांनी व्हायरस म्हणून सांगितलं आणि आपल्या पेन ड्राइव्हमधून एक अँटिव्हायरस टाकून गेले. त्याने आधीच्या अँटिव्हायरसलाच व्हायरस ठरवलं. दोघांचं भांडण सुरू असताना कम्प्युटर इतका हळू झाला की वरात पोचायलाच पाऊण तास लागला.

भाच्याचं म्हणणं, कोडेक. हा शब्द घरात आल्यापासून माझा मान थोडा वाढला, कारण बायकोला तो मी समजावून सांगितला. चित्र आहे तसं साठवलं तर जागा फार खातं, म्हणून ते एका ठरावीक रीतीने आवळून ठेवतात. पाहताना ते सोडवणारा दुभाषा म्हणजे कोडेक. भाच्याने एक अख्खं कोडेक पॅक टाकलं, म्हणजे वीसेक दुभाषे एकदम घरात घेतले. बायको म्हणाली, "एका नवरीशी बोलायला वीस मध्यस्थ?" तिचं बरोबर होतं. आता प्लेअर उघडतानाच कोसळू लागला. सगळे दुभाषे काढून टाकले तेव्हा कुठे पुन्हा सव्वीस-चौदापर्यंत तरी पोचलो. हरलेला माणूस जुन्याच दुखण्याला कसा सुधारणा म्हणतो ते तेव्हा कळलं.

एवढ्यात कूलरचा पंप बसला. मोटर वाइंडिंगचं काम करणारे एक मिस्त्री आमच्याकडे येतात. ते पंप खोलत बसले आणि समोर माझं लग्न सव्विसाव्या मिनिटाला पुन्हा मोडलं. त्यांनी मान वर केली.

"मास्तर, हे एकाच जागी अटकते, का कुठंबी?"

"एकाच जागी."

"दुसरा पिच्चर चालते?"

चालत होता. आजवर हे कोणी विचारलंही नव्हतं आणि मी सांगितलंही नव्हतं.

"मंग मशीन चांगली हाय. गरम होऊन बंद पडत असन तं कवाबी पडन. एकाच जागी अटकते म्हंजे तिथं खडा हाय." एवढं बोलून त्यांनी पंपातून खराच एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला. नवा पंप घेऊ का, असं मी विचारलं तर म्हणाले, "कायले?"

त्यांचं ते 'कायले?' ऐकून मला माझी एक जुनी गोष्ट आठवली. मी शिक्षक होतो. दरवर्षी मुलांना घेऊन सेवाग्रामला आणि मगन संग्रहालयात जायचो. तिथले चरखे दाखवताना मी १९२९ सालच्या बक्षिसाची गोष्ट हमखास सांगायचो. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्याला एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. चरखा हलका हवा, दीडशे रुपयांच्या आत बनायला हवा, बाईला आठ तास फार त्रास न होता चालवता यायला हवा. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र आलं होतं, पण परीक्षकांच्या कसोटीला तेही उतरलं नाही. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. मुलांना एक लाखाचा आकडा आवडायचा. मला मात्र शेवटची अट आवडायची: यंत्र वीस वर्षं चालावं आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. विकत घेण्याआधीच दुरुस्तीचा विचार करणारं असं गिऱ्हाईक आजच्या कोणत्याही शोरूममधून हात जोडून बाहेर काढतील. मिस्त्रींनी सत्तर रुपये घेतले. कूलर नऊ हजारांचा. तोंडी हिशेब मी तिथेच केला.

फाईलमधला खडा कुठून आला तेही पुढे उलगडलं. एका सीडीवर तासाभराहून जास्त चित्र मावावं म्हणून व्हीसीडीत चुका सावरायची सोय कमी ठेवलेली असते. कागद काठोकाठ भरून लिहिला की दुरुस्तीला समास उरत नाही, तसंच हे. बरणीच्या काठाने पडलेला ओरखडा नेमका 'सावधान'वर होता, आणि तो मुकाट्याने फाईलमध्येही उतरला.

भाच्याने मग व्हीएलसी टाकला, तो नारंगी शंकूवाला. रस्ता खोदला की ठेवतात ना, तोच शंकू. हा प्लेअर मुळात पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांचा उद्योग. १९९६ साली सुरू झाला आणि २००१ पासून सगळ्यांना मोकळा केला. पोरांनी गोळा करून आणलेल्या अशा शंकूंवरूनच हे चिन्ह आलं म्हणतात. २०२२ साली आपल्याकडे त्याचं संकेतस्थळ फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत बंद होतं, तेव्हाही लोक पेन ड्राइव्हवरून तो एकमेकांना देतच होते. मोडकी फाईलही तो सोसून घेतो, आणि त्याच्या या सोशिकपणाचं कारण त्याच्या जन्मात आहे. तो कॉलेजच्या नेटवर्कवरून येणारं चित्र दाखवायला बनवला होता आणि अशा वाटेवर तुकडे गळायचेच. गळलेल्या तुकड्यापाशी रडत न बसता पुढे जायचं हे त्याला पहिल्यापासून शिकवलेलं आहे.

सगळे जमलो. पंचवीस मिनिटं. सव्वीस. चौदाव्या सेकंदाला गुरुजींचा चेहरा हिरवा झाला, मग त्याचे चौकोन चौकोन झाले, आवाज एकदा उचकी लागल्यासारखा आला. पंचविसाव्या सेकंदाला चित्र परतलं. अंतरपाट नव्हता. दोघांच्या गळ्यात हार होते आणि मी विनाकारण हसत होतो.

"म्हणजे लग्न लागताना कुणी पाहिलंच नाही," बायको म्हणाली.

"थांबा, पुढं जाऊ द्या," बाबा म्हणाले.

एकतिसाव्या मिनिटाला आई आली. पंगतीत कोणाला तरी वाढायचं राहिलं म्हणून ती आचाऱ्यावर चिडली होती. तेवढ्यात हॅलोजनचा झोत तिच्यावर आला, तिने पदर डोळ्यांवर धरला आणि कॅमेरा दुसरीकडे वळला. चार सेकंदही नसतील. बाबांनी ती जागा तीनदा लावायला सांगितली. मग म्हणाले, "कूलर फिरव आता इकडं."

मधले ते अकरा सेकंद मात्र राहिलेच. मूळ कॅसेट मामांकडे हिंगणघाटला प्लास्टिकच्या पिशवीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली आहे, बुरशी धरलेली नाही, हे मी स्वतः जाऊन पाहून आलो. आता हवा आहे तो व्हीसीआर. जपानच्या फुनाई कंपनीनेही जुलै २०१६मध्ये तो बनवणं बंद केलं, म्हणजे नवा मिळायची आशा नाही. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठेही कोणाच्या माळ्यावर चालू व्हीसीआर असेल तर कृपया कळवा. एका दुपारपुरता हवा आहे. परत देताना सोबत गोरसपाकाचा पुडा देईन, आणि बंद पडला तर मिस्त्री आमच्या ओळखीचे आहेत.